समासातली नोंद

माझं शिक्षण दहावीपर्यंत. १९७६ साली पास झालो आणि निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून बापाच्या मागनं औताला लागलो. शिकलो ते एवढंच, पण अक्षर चांगलं होतं. त्या अक्षरापायी गावानं मला बरंच राबवून घेतलं. सोसायटीची मागणी, कारखान्याला ऊसनोंदीचा अर्ज, लग्नाच्या याद्या, बांधावरच्या तंट्याचे कागद, सगळं माझ्याकडं यायचं. ग्रामसेवक भाऊसाहेबांच्याकडं तेव्हा तीन गावं होती. ते आठवड्यातनं दोनदा यायचे. आले की शिपायाला पाठवून मला बोलवून घ्यायचे. "दादा, जरा बसा. मी सांगतो, तुम्ही उतरवा." असं करता करता जन्म-मृत्यूच्या रजिस्टरात दहा-बारा वर्षांच्या नोंदी माझ्या हातच्या झाल्या. सही भाऊसाहेबांची, अक्षर माझं.

त्यातल्या एका नोंदीची ही हकिकत. ती नोंद आमच्याच घरातली आहे, माझ्या धाकट्या भावाच्या लेकराची. लिहू का, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, "लिवा आबा. पर माझं नाव घालू नका, आन् रडगाणं करू नका." म्हणून नाव घालत नाही. घरात त्याला सगळे 'बाळ' म्हणायचे, तेच इथं वापरतो. या लेखात आधी 'ती' येईल आणि पुढं 'तो' येईल. वाचणाऱ्यानं गोंधळून जाऊ नये. आम्ही बाराएक वर्षं गोंधळलो, तेवढं पुरे.

१९९८ चा पावसाळा. भोगावतीला पाणी आलं होतं आणि पुलावरनं जीप जात नव्हती. भावजय अडलेली. माझ्या आईनं सुईणमावशीला बोलावलं. मावशीनं आमच्या गावची निम्मी पिढी आपल्या हातावर झेललेली. लाईट गेलेली होती, कंदिलाच्या उजेडात सगळं झालं. लेकरू रडल्याचा आवाज आला, तसा मी सोप्यातनं विचारलं, "काय झालं मावशी?" मावशी बाहेर आली. घंगाळातल्या पाण्यानं हात धुतले, पदराला पुसले आणि मग म्हणाली, "लेकच म्हणायची."

तिच्या बोलण्यातल्या त्या 'म्हणायची'कडं तेव्हा माझं लक्ष गेलं नाही. ते वीस वर्षांनी गेलं.

जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यायची असते. घरातला कर्ता माणूस म्हणून खबर देणारा मी, आणि लिहिणाराही मीच. बापाचं नाव, आईचं नाव, जन्माचं ठिकाण राहते घर, लिंग स्त्री. भाऊसाहेबांनी सही केली. मी त्यांना पेढा दिला आणि घरी आलो.

बाळ वाढलं. आमच्याकडं कोल्हापूर भागात पोरीसुद्धा "मी येतो", "मी जातो", "मी जेवलो" असंच बोलतात. पुण्याकडचा माणूस आला की हसतो. त्यामुळं बाळ "मी येतो" म्हणायची त्यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. ती झाडावर चढायची, कबड्डीत पोरांना लोळवायची, बेंदराला बैल धुवायला सगळ्यांच्या आधी नदीवर असायची. माझी आई कौतुकानं "आमचं पोरगं" म्हणायची. मराठीत ही एक सोय आहे. ते पोरगं, ते लेकरू, ते बाळ. बारा-तेरा वर्षांपर्यंत माणसाला असं 'ते'वर राहता येतं. पुढं मात्र सगळे विचारतात, ती का तो?

चौदाव्या वर्षी बाळचा आवाज फुटला. अंगानं मुलीसारखी भरली नाही, उलट खांदे रुंद झाले. पाळी आली नाही. भावजय घाबरली. तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं, तिथं अंगावर चढायच्या गोळ्या दिल्या आणि "लग्नानंतर सगळं ठीक होईल," असं सांगितलं. भावजयीनं ते वाक्य धरून ठेवलं. बाळचं शाळेतलं बोलणं कमी झालं. ओठावर लव आली तशी ती ओढणी तोंडावर घ्यायला लागली. बारावी कशीबशी झाली.

२०१६ च्या दिवाळीनंतर पाहुणे बघायला यायचे ठरले. मी त्या दिवशी मळ्यात पपईला पाणी देत होतो. बाळ पळत आली, चांगली साडी नेसवलेली, पायात चिखल. मोटारीच्या खोलीच्या कट्ट्यावर बसली आणि खाली मान घालून म्हणाली, "आबा, मी बाई न्हाई. मला कुणाच्या गळ्यात बांधू नका. न्हाईतर मी ऱ्हात न्हाई." मोटारीच्या खोलीत फवारणीचं औषध असतं. ती कुठं बसली आहे आणि का बसली आहे, ते मला एकदम कळलं. मी तिच्याजवळ बसलो. पाहुण्यांना निरोप पाठवला, पोरगी आजारी आहे. संध्याकाळी औषधाच्या सगळ्या बाटल्या पोत्यात घालून घरी आणल्या आणि ट्रंकेत कुलूप लावून ठेवल्या.

त्या रात्री झोप आली नाही. समोर पपईची रोपं दिसत होती. जुन्या देशी पपईची रीत शेतकऱ्याला माहीत असते. एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावायची, कारण फुलावर येईपर्यंत झाड नर का मादी हे कळत नाही. काही झाडं दोन्ही असतात. आपण बांधावर उभं राहून घाई करत नाही, फूल यायची वाट बघतो. आणि घरातल्या लेकराचं आपण पहिल्या घटकेला, कंदिलाच्या उजेडात, ठरवून टाकलं आणि वर शाईनं लिहिलं.

२०१७ साली कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सोनोग्राफी केली, रक्त तपासलं, गुणसूत्रं तपासायला पाठवली. निकाल आला तेव्हा आम्हा तिघांना, मला, भावाला आणि भावजयीला, समोर बसवून शांतपणे सांगितलं. हे मूल आतून पहिल्यापासून मुलगाच आहे. पोटात असताना शरीरातलं एक रसायन पुरेसं तयार झालं नाही, म्हणून बाहेरचा भाग नीट घडला नाही आणि जन्मताना मुलीसारखा दिसला. वयात येताना शरीर आपल्या वाटेनं गेलं. मग त्यांनी विचारलं, "नात्यातलं लग्न आहे का?" भावजय आमच्या सख्ख्या मामाची मुलगी. डॉक्टर म्हणाले, दोन्हीकडून तोच दोष आला तर असं होतं, नात्यात लग्न झालं की तशी शक्यता वाढते, पण यात कुणाचा गुन्हा नाही. भावजय रडली. भाऊ भिंतीकडं बघत होता. ती सोयरीक मीच जमवली होती, ते माझं मला आठवलं.

बाळला सांगितलं तेव्हा तो हसला. त्या दिवसापासून मी 'तो' म्हणायला लागलो. म्हणाला, "म्हंजे मी खुळा न्हाई."

उपचारांचं इथं लिहीत नाही, ते त्याचं त्याच्यापाशी. शेताचा तुकडा गहाण पडला, एवढं सांगतो. मे २०१८ मध्ये डेअरीवर पेपर वाचताना एक बातमी दिसली. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातले पोलीस शिपाई ललित साळवे. महिला म्हणून भरती झालेले, तपासणीत पुरुषाची गुणसूत्रं निघालेली. खात्यानं आधी परवानगी नाकारली, मग सरकारनं दिली, मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि पुरुष शिपाई म्हणून ते नोकरीत राहिले. मी तो पेपर घरी नेला. भावानं तीनदा वाचला. आमच्यासारखं आणखी कुणाच्या घरी झालंय, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

शरीराचं निस्तरलं, पण कागद राहिले. बाळनं आयटीआय केला होता. एमआयडीसीत एका कारखान्यात काम लागत होतं. गेटवर आधार कार्ड बघितलं, त्यावर मुलीचं नाव, समोर मिशीवाला गडी. "हे कुणाचं कार्ड आणलंस?" म्हणून परत पाठवला. बँकेत तेच, एसटीच्या पासाला तेच. सगळीकडं एकच उत्तर, आधी जन्माचा दाखला दुरुस्त करून आणा, मग आमचं बघू.

२०१९ च्या उन्हाळ्यात ग्रामपंचायतीत अर्ज दिला. तेव्हाचे ग्रामसेवक तरुण होते, माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "आबा, नावातली वेलांटी चुकली असती तर मी लगेच केली असती. लिंग बदलायचा मला अधिकार नाही. कोर्टाचा हुकूम आणा." मी म्हटलं, "बदलायचं न्हाई भाऊसाहेब. चुकलंय ते नीट करायचंय." ते म्हणाले, "माझ्यासाठी दोन्ही एकच."

दोन्ही एक नाहीत, हे मला वकिलांनी समजावून सांगितलं. ते मी इथं माझ्या भाषेत लिहितो, कारण कुणाला तरी उपयोगी पडेल.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्यातलं १५ वं कलम दुरुस्तीचं. नोंद चुकीची असल्याचं सिद्ध झालं तर निबंधक ती दुरुस्त करू शकतो, पण मूळ नोंद खोडायची नाही. तिला हात न लावता शेजारच्या समासात दुरुस्ती लिहायची, खाली सही आणि तारीख घालायची. आणि चूक मजकुराचीच असेल तर ती हकिकत माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांनी लेखी सांगायचं, चूक काय झाली आणि खरं काय.

हे ऐकून मला सातबारा आठवला. फेरफार झाला की जुन्या मालकाचं नाव खोडत नसत, त्याला कंस करायचे. जमीन आधी कुणाची होती ते कंसात दिसायचं, आता कुणाची ते बाहेर. शेतकऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

दुसरी वाट वेगळी. १५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की आपण पुरुष, स्त्री का तृतीयपंथी हे ठरवायचा हक्क ज्याचा त्याला आहे, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा आहे. त्यानंतर २०१९ च्या डिसेंबरात तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला, जानेवारी २०२० पासून लागू झाला, सप्टेंबरात नियम आले. तेव्हाच्या त्या नियमांप्रमाणं कलेक्टरकडं अर्ज आणि प्रतिज्ञापत्र द्यावं लागायचं. कलेक्टरनं डॉक्टरी तपासणी न मागता ३० दिवसांत तृतीयपंथी म्हणून ओळखीचा दाखला द्यायचा, असं तेव्हा होतं. पुढं कुणाला स्त्री किंवा पुरुष असा दाखला हवा असला तर मात्र दवाखान्याचं पत्र जोडून परत अर्ज करावा लागायचा. त्या दाखल्यावर जन्माच्या दाखल्यातलं नावही बदलता यायचं. ज्यांचं शरीर जन्मतःच असं वेगळं आहे, त्यांचाही त्या कायद्याच्या व्याख्येत उल्लेख आहे.

वकील म्हणाले, "ही वाट सोपी पडेल. फॉर्म ठरलेला आहे."

बाळ म्हणाला, "वकीलसाहेब, तृतीयपंथी लोकांबद्दल माझ्या मनात काय वाईट न्हाई. त्यांनी भोगलंय, म्हनून कायदा झाला. पर माझ्या कागदावर एकदा जे न्हाई ते लिवलं गेलंय. आता दुसऱ्यांदा जे न्हाई ते मीच लिवून देऊ व्हय?"

मग पहिलीच वाट धरली. चूक झाली, ती दाखवायची.

मध्येच ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला तो सांगायला नको. आमच्या गावात चावडीपर्यंत पाणी आलं. रात्री शिपाई आणि चार पोरं पंचायतीचं दप्तर माळ्यावर चढवत होती. मी काठी टेकत बघत होतो आणि खरं सांगतो, मनात आलं, बुडू दे ते रजिस्टर. माझं अक्षर त्या पाण्यात विरघळलं तर सुटलो. शेजारी बघितलं तर बाळ कमरेएवढ्या पाण्यात उतरलेला, डोक्यावर रजिस्टरांचा गठ्ठा. वर आल्यावर मी बोललो ते त्याला. तो म्हणाला, "बुडालं असतं तर मी कुनीच ऱ्हायलो नसतो, आबा. चुकीचं हाय, पर माझंच हाय ते." आणि ते खरं होतं. नोंदच नसती तर नोंद नसल्याचा दाखला आणा, उशिरा नोंदणीसाठी मॅजिस्ट्रेटचा हुकूम आणा, सगळं पहिल्यापासून आलं असतं.

दोन विश्वासू माणसं हवी होती. एक मी. दुसरी एकच शक्य होती, सुईणमावशी.

मावशी तेव्हा ऐंशीच्या पुढं गेलेली. गावाच्या टोकाला सुनेजवळ राहायची, डोळ्यांना कमी दिसायचं. मी आणि बाळ गेलो. तिनं बाळच्या तोंडावरनं हात फिरवला, दाढीचे खुंट लागले तसा हात तिथंच थांबला. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पोलीस नेतील काय रं मला?" मी म्हटलं, "न्हाई मावशी. खरं सांगायचं एवढंच." बराच वेळ ती गप्प बसली. मग बोलली ते मी जन्मात विसरणार नाही.

"मी बगितलं व्हतं. कंदील हुता, पर डोळं चांगलं हुतं तवा. लेक म्हनावी तर तसं न्हवतं, ल्योक म्हनावा तर तसं न्हवतं. तुजी आय सौंदत्तीला जानारी, डोंगरावरच्या यल्लम्माला. मी खरं सांगितलं असतं तर ती म्हनली असती, देवीचं हाय ते, देवीला सोडा. जोगत्या केला असता लेकराचा. म्या दुसऱ्या गावात बगितलंय तसं. लेक म्हटलं तर निदान घरात ऱ्हाईल, दोन घास खाईल. म्हनून लेक म्हटलं."

मी इतकी वर्षं तिच्यावर मनातनं चिडून होतो. म्हातारीला दिसलं नसेल, घाई केली असेल. आणि तिनं बघून, विचार करून सांगितलं होतं. माझी आई तोवर वारलेली होती. ती असती तर तिनं काय केलं असतं? आमच्या भागात असं लेकरू जोगत्याच्या परडीला लागलेलं मीही बघितलं आहे. माझ्याजवळ मावशीला द्यायला उत्तर नव्हतं. बाळनं तिच्या पायावर डोकं ठेवलं. ती म्हणाली, "आंगठा कुठं लावायचा त्यो सांग."

माझी अडचण वेगळी होती. गावात चार माणसं म्हणाली, "तू सरकारी नोकर न्हाईस. सरकारी रजिस्टर लिवलंस म्हंजे गुन्हा केलास. गप बस." निवृत्त झालेल्या जुन्या भाऊसाहेबांच्या कानावर गेलं. त्यांचा फोन आला. "दादा, माझी पेन्शन आहे. त्या भानगडीत माझं नाव आणू नका." वकील म्हणाले, "तुम्ही खबर देणारे आहात. खबर चुकीची दिली गेली, एवढंच प्रतिज्ञापत्रात घालू. अक्षराचा विषय काढायचा नाही." तसंच घातलं.

लॉकडाऊनमध्ये कोर्ट थांबलं, तारीख पुढं गेली. त्या दिवसांत पेपरात एक बातमी आली, जानेवारी २०२१. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील, तृतीयपंथी. त्यांनी महिलांच्या जागेवर ग्रामपंचायतीचा अर्ज भरला, तो नाकारला गेला. त्या हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. कोर्टानं महिला म्हणून लढायची परवानगी दिली आणि गावानं त्यांना निवडून दिलं. त्याआधी २०१७ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला थेट सरपंच केलं होतं. बाळ म्हणाला, "गावाला कळतंय आबा. कागदालाच वेळ लागतोय."

अखेर २०२१ मध्ये आमची तारीख लागली. डॉक्टरांचा दाखला, गुणसूत्रांचा अहवाल, दोघांची प्रतिज्ञापत्रं, सगळं समोर. रजिस्टर मागवून घेतलेलं होतं. साहेबांनी पान उघडलं आणि मला विचारलं, "खबर देणारे तुम्ही? ही सही तुमची?" मी हो म्हटलं. मग त्यांनी सहज विचारलं, "नोंद कुणी लिहिली आहे? अक्षर तुमच्या सहीसारखं दिसतं."

वकिलांनी माझ्याकडं बघितलं. खोटं बोलायला एक शब्द पुरला असता. पण मी तिथं चूक नीट करायला गेलो होतो. म्हटलं, "साहेब, अक्षर माझंच हाय. भाऊसाहेबांना तीन गावं व्हती, मी लिवून द्यायचो. मला सांगितलं तसं मी लिवलं. मी बघितलं न्हवतं. बघायला पायजे व्हतं का, ते मला अजून कळत न्हाई."

साहेबांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. टंकलेखकाला काही सांगितलं नाही. पुढचा कागद उलटला. पंधरा दिवसांनी हुकूम मिळाला, निबंधकांनी नोंद दुरुस्त करावी.

ग्रामपंचायतीत आम्ही तिघं गेलो. बाळ, भाऊ आणि मी. ग्रामसेवकांनी पान काढलं. पुराच्या ओलीनं कडा पिवळ्या पडल्या होत्या. माझं निळ्या शाईतलं 'स्त्री' तसंच होतं, जरासं फुगलेलं. त्याला कुणी हात लावला नाही. शेजारच्या समासात त्यांनी लाल शाईनं लिहिलं, कोर्टाच्या हुकमाचा क्रमांक, तारीख, 'पुरुष असे वाचावे', आणि सही केली. भाऊ आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणाला, "अक्षर तुझंच बरं हाय."

गावात कुजबुज झालीच. कुणी म्हणालं, जमिनीसाठी पोरीचा पोरगा केला. त्यांना मी पारावर बसून सांगितलं, अरे, पोरीला वडिलार्जित जमिनीत सारखा वाटा महाराष्ट्रानं १९९४ लाच दिलाय, देशभर २००५ ला दिला. जमिनीसाठी कुणाला बाईचा बापई व्हायची गरज राहिलेली नाही. त्यावर कुणी बोललं नाही. पटलं म्हणून गप्प बसले का कंटाळून, ते माहीत नाही.

शहाणपण शिकवायचा माझा हक्क नाही. पण कुणाच्या घरी असं लेकरू आलं तर दोन गोष्टी सांगतो. एक, लपवू नका आणि घाबरू नका. मोठ्या दवाखान्यात दाखवा, पूर्ण तपासणी करून घ्या. दोन, तान्ह्या अंगावर घाईनं कातर चालवू देऊ नका. जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. २०१९ साली मद्रास हायकोर्टानं याबद्दल निकाल दिला आणि तामिळनाडू सरकारनं अशा नको त्या शस्त्रक्रियांना बंदी घातली. लेकरू मोठं होऊन स्वतः सांगेल. आमच्या बाळनं सांगितलं. ऐकायला आम्हीच उशीर केला.

२०२२ च्या माघात सुईणमावशी गेली. तिला मुलगा होता, तो आधीच वारलेला, नातू मुंबईला. तिरडी उचलायची वेळ झाली तसा बाळ कारखान्याच्या कपड्यातच आला, दुसरी पाळी सोडून. सुनेला म्हणाला, "काकी, फुडं मी धरतो." कुणी काही बोललं नाही. पावसात ज्या वाटेनं मावशी आमच्या घरी आली होती, त्याच वाटेनं त्यानं तिला नदीवर नेलं.

आधार झालं, पॅन झालं, राजपत्रात नाव आलं. बारावीच्या दाखल्याचं काम अजून अडलेलं आहे. तिथं म्हणतात, जन्माच्या दाखल्याची प्रत चालणार नाही, रजिस्टरच्या पानाचा साक्षांकित उतारा आणा. समासासकट. येत्या सोमवारी पंचायतीत जायचं आहे. बाळला सुट्टी नाही, मीच जाणार आहे.